कंपनीच्या कुलपाला हिवरे बाजारचं नाव देऊ नका

गेम कन्सोलची हार्ड डिस्क बदलली आणि पुढच्या अपडेटनंतर मशीन बंद पडलं, अशी तक्रार कुणी केली की कंपन्यांची बाजू घेणाऱ्या काही जाणत्या लोकांकडून आपल्या भागात एक ठरलेलं उत्तर येतं. शिस्त नको का? हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, ऊस-केळी लावायला बंदी आहे. जमीन ज्याची त्याचीच आहे, तरी मालकाला वाटेल ते करता येत नाही आणि म्हणूनच ते गाव उभं राहिलं. मग गेमच्या कंपनीने आपल्या यंत्रात परकी डिस्क चालू दिली नाही तर बिघडलं कुठे?

हा दाखला ऐकणारा गप्प बसतो, कारण हिवरे बाजारबद्दल नगर जिल्ह्यात कुणी वावगं बोलत नाही आणि बोलूही नये. त्या गावाने जे केलं ते आमच्या डोळ्यांसमोर केलं आहे. पण त्याच आदरापोटी मला सांगायचं आहे की हा दाखला चुकीचा आहे. गावाने एकत्र बसून घातलेलं बंधन आणि कंपनीने रातोरात घातलेलं कुलूप या दोन गोष्टींत साम्य नाही. ज्यांना साम्य दिसतं त्यांनी आधी कुलपाची हकीकत नीट ऐकावी.

सोनीचं प्लेस्टेशन ३ भारतात एप्रिल २००७ मध्ये आलं. किंमत ₹३९,९९० होती आणि आत ६० जीबीची हार्ड डिस्क होती. त्याच यंत्रात चालणाऱ्या दोन थरांच्या ब्लू-रे तबकडीत ५० जीबी माहिती मावते, यावरून ती डिस्क किती लवकर भरत असेल ते समजावं. खेळांचे भाग डिस्कवर इन्स्टॉल व्हायचे, डाउनलोड केलेले खेळ तिथेच, महिनोन्‌महिने खेळून मिळवलेल्या सेव्ह फाइल्सही तिथेच. डिस्क भरली की एक खेळ पुसायचा आणि दुसरा घ्यायचा. आपल्याकडे इंटरनेटचा वेग आणि डेटाची किंमत त्या काळी काय होती हे आठवलं, तर पुसलेला खेळ पुन्हा उतरवून घेणं म्हणजे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

सोनीने त्या वेळी एक चांगली गोष्ट केली होती आणि ती मान्य केलीच पाहिजे. आतली डिस्क म्हणजे लॅपटॉपमध्ये असते तशीच अडीच इंची सॅटा डिस्क होती, आणि ती काढून मोठी कशी बसवायची हे कंपनीने स्वतःच्या माहितीपुस्तिकेत लिहून दिलं होतं. एक स्क्रू काढायचा, चौकट ओढायची, नवी डिस्क लावायची, फॉरमॅट करायची. पुण्यातल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर डिस्क मिळायची, आणि ज्याला स्वतःला जमत नसेल त्याला तिथला कारागीर बसवून द्यायचा. यात चोरी नव्हती, लबाडी नव्हती, कंपनीच्या नियमांचा भंगही नव्हता.

मग १८ जून २०१३ रोजी सोनीने या यंत्रासाठी ४.४५ क्रमांकाचं अपडेट सोडलं. ज्यांनी ते घेतलं त्यांच्यापैकी काहींच्या मशीनवर मुख्य मेनूच उमटेना. मशीन चालू, दिवा हिरवा, पडद्यावर काही नाही. चारच दिवस आधी, १४ जूनला, ‘द लास्ट ऑफ अस’ हा खूप वाट पाहायला लावलेला खेळ बाजारात आला होता, त्यामुळे हजारो लोक नेमके त्याच आठवड्यात मशीनसमोर बसलेले होते. तक्रारींमध्ये एक गोष्ट वारंवार येत होती: मूळची डिस्क काढून मोठी बसवलेली मशीन. जुनी डिस्क परत लावली तर मेनू दिसतो, असंही अनेकांनी सांगितलं. सोनीने तक्रारी मान्य केल्या, अपडेट मागे घेतलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ४.४६ देऊन दुरुस्ती केली.

या प्रकरणात मला कंपनीचा दुष्टपणा दिसत नाही. दिसतो तो निष्काळजीपणा, आणि तो जास्त गंभीर आहे. जो बदल करायला तुम्ही पुस्तिकेत सांगितलं, तो बदल केलेली लाखो मशीन जगभर आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी नवं फर्मवेअर बाहेर सोडण्यापूर्वी वेगवेगळ्या आकारांच्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क लावून ते पुरेसं तपासलं गेलं नाही. कंपनीच्या मनात गिऱ्हाइकाचं मशीन म्हणजे कारखान्यातून निघालं तसंच मशीन. त्याने स्वतःच्या पैशाने त्यात घातलेली भर हिशेबातच धरलेली नाही.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटातलं मूळ सॉफ्टवेअर. ते बिघडलं तर वरचं काहीच चालत नाही. संगणकावर एखादा प्रोग्रॅम बिघडला तर आपण जुनी आवृत्ती टाकतो. कन्सोलवर तो रस्ता मुद्दाम बंद केलेला असतो. एक्सबॉक्स ३६० च्या प्रोसेसरमध्ये सूक्ष्म फ्यूज होते आणि काही अपडेटबरोबर त्यातले काही कायमचे उडवले जायचे, म्हणजे मागची आवृत्ती त्या मशीनवर पुन्हा कधीच चालू नये. प्लेस्टेशनवरही मागे जाण्याची सोय मालकाला दिलेली नाही. याचा अर्थ, वाईट अपडेट आलं तर मालकाने करायचं एकच काम उरतं: कंपनीला वेळ होईपर्यंत वाट पाहायची. इथे कुणी म्हणेल की जुन्या आवृत्तीतल्या फटी चोरांना सापडतात, म्हणून परतीची वाट बंद ठेवावी लागते. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपायही आहे. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ पासून फोनमध्ये सिस्टीमच्या दोन जागा ठेवण्याची सोय झाली. नवं अपडेट रिकाम्या जागेत बसतं, फोन त्यावरून सुरू झाला नाही तर आपोआप जुन्या जागेवरून सुरू होतो. अपडेट यशस्वी झाल्यावर मग मागची वाट खुशाल बंद करा. दहा हजारांच्या फोनमध्ये जे जमतं ते पन्नास हजारांच्या कन्सोलमध्ये जमत नाही, हे मी मानायला तयार नाही.

आता हिवरे बाजार.

नगर शहरापासून जवळच, पर्जन्यछायेतलं गाव. पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, तेव्हा त्या गावातून लोक कामाच्या शोधात बाहेर पडत होते. पुढच्या काळात डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले, बांध घातले गेले, झाडं लावली गेली, १९९४ पासून आदर्श गाव योजनेतून कामाला जोर आला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान ही पंचसूत्री सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तो मान गावाचा आहे असंच सगळ्यांनी मानलं. बोअरवेलवरची बंदी या सगळ्या कामाचा भाग आहे, आणि ती का आली हे समजून घेतलं की दाखला देणाऱ्यांची चूक लगेच कळते.

बोअरवेल खोल खडकातलं पाणी खेचते. ते पाणी एका शेताच्या हद्दीत थांबत नाही. एकाने खोलवर बोअर मारली की शेजारच्याची विहीर उतरते, आणि तीन-चार जणांनी मारली की गावाचं पिण्याचं पाणी जातं. म्हणजे बंदी आहे ती दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढण्यावर. माझ्या घरातल्या कन्सोलमध्ये मी ६० जीबीच्या जागी एक टीबीची डिस्क बसवली, तर कुणाची विहीर आटते? कुणाच्या मशीनमधली जागा कमी होते? एखाद्या बंधनाला सार्वजनिक हिताचं नाव देण्यापूर्वी त्यात सार्वजनिक काय आहे ते दाखवावं लागतं. इथे दाखवण्यासारखं काही नाही.

हे झालं बंधनाचं कारण. त्याहून महत्त्वाची आहे ती बंधन घालण्याची रीत. हिवरे बाजारात पाऊस किती झाला हे गावातच मोजलं जातं. विहिरींच्या पातळ्या पाहिल्या जातात. मग पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवला जातो: माणसांना आणि जनावरांना किती लागेल, जमिनीत किती राहू द्यायचं, शेतीला किती उरतं. उरलेलं पाणी पाहून कोणतं पीक घ्यायचं आणि कोणतं सोडायचं ते ठरतं. पाऊस कमी झाला तर गावकऱ्यांना रब्बीच्या पेरणीआधी कळतं. पीक उभं राहिल्यावर कुणी येऊन ते उपटून टाकत नाही. आकडे सगळ्यांसमोर वाचले जातात, कुणालाही उभं राहून प्रश्न विचारता येतो, आणि जो नियम ठरतो तो सरपंचाच्या शेतालाही लागू असतो. नियम चुकला असं वाटलं तर तो बदलण्याचा अधिकार ज्यांच्यावर तो लागू आहे त्यांच्याच हातात आहे.

कन्सोलच्या अपडेटमध्ये यातलं काय असतं? बहुतेक वेळा बदलांच्या वर्णनात एकच ओळ असते, यंत्राची कामगिरी सुधारली आहे अशा अर्थाची. कोणती डिस्क आता चालणार नाही, कोणती सोय काढून घेतली, कशाची तपासणी झाली आणि कशाची झाली नाही, हे आधी सांगितलं जात नाही. विचारायला सभा नाही. नकार द्यायची खरी सोय नाही. नुकसान झालं तर भरपाईचा ठराव नाही. हिवरे बाजारचं नाव घेऊन शिस्तीची बात करणाऱ्यांनी हिवरे बाजारची रीत कंपन्यांकडून मागावी. मी त्यांच्या बाजूने उभा राहीन.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो. कन्सोलच्या जगातही खरोखरच सामाईक अशी एक जागा आहे, ती म्हणजे ऑनलाइन खेळ. तिथे कुणी फसवणुकीची साधनं वापरली तर बाकीच्यांचा खेळ नासतो. अशा माणसाला कंपनीने आपल्या जाळ्यातून बाहेर काढावं, हे योग्यच आहे. पण तो अधिकार जाळ्यापुरता आहे. घरात एकटं बसून, स्वतः विकत घेतलेला खेळ खेळण्याचा हक्क त्यातून हिरावून घेता येत नाही. निन्टेन्डोने मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या वापरकर्त्यांच्या करारात अशी तरतूद घातली की अटी मोडल्या तर कंपनी ते उपकरण अंशतः किंवा पूर्णपणे, कायमचं निकामी करू शकते. ऑनलाइन खाते बंद करणं वेगळं आणि दुसऱ्याच्या घरातली वस्तू दुरून मोडून टाकणं वेगळं. दुसरी गोष्ट करण्याचा अधिकार कोणत्याही विक्रेत्याला असता कामा नये.

चोरीचा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा पुढे येतो, म्हणून त्याला पूर्ण उत्तर देतो. म्हणणं असं की बाहेरची डिस्क चालू दिली तर चोरटे खेळ आत शिरतील. डिस्क ही रिकामी जागा आहे. आत काय चालावं याचा निर्णय डिस्क करत नाही, यंत्रातली सही तपासण्याची व्यवस्था करते. प्लेस्टेशन ३ डिस्कवरची माहिती त्या त्या मशीनच्या स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद करून लिहायचं, म्हणून एका मशीनची डिस्क काढून दुसऱ्यात घातली तर ती वाचताही यायची नाही. डिस्क सीगेटची असो की तोशिबाची, संरक्षण तेवढंच. मग प्लेस्टेशन ३ ची सुरक्षा शेवटी कशाने फुटली? डिसेंबर २०१० मध्ये जर्मनीतल्या एका परिषदेत फेलओव्हरफ्लो या गटाने दाखवून दिलं की सोनीने डिजिटल सही करताना दर वेळी बदलायला हवा असलेला आकडा बदललाच नव्हता. तोच आकडा पुन्हा वापरल्यामुळे गुप्त किल्ली गणिताने काढता येत होती. चूक कंपनीच्या स्वतःच्या कामात होती. कुणाच्या घरातली मोठी डिस्क त्याला कारण नव्हती.

चोरीची भीती पुढे करून प्रत्यक्षात काय राखलं जातं, ते एक्सबॉक्स ३६० च्या इतिहासात स्पष्ट दिसतं. त्या यंत्राची डिस्क आतून लॅपटॉपचीच साधी सॅटा डिस्क होती. पण ती मायक्रोसॉफ्टच्या खास डबीत बंद होती आणि तिच्या एका कप्प्यात मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही लिहिलेली होती. सही नसली की यंत्र ओळख देत नसे. बाजारातल्या त्याच क्षमतेच्या डिस्कपेक्षा ही डबीतली डिस्क कितीतरी महाग पडायची. सेव्ह फाइल्स ठेवायच्या छोट्या मेमरी युनिटचीही तीच गत होती. मायक्रोसॉफ्टचं सगळ्यात मोठं युनिट ५१२ एमबीचं, तर डेटेल या इंग्लंडमधल्या कंपनीने कितीतरी जास्त जागा देणारं युनिट कमी किमतीत आणलं. नोव्हेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक अपडेट दिलं आणि डेटेलची युनिट एका दिवसात निरुपयोगी झाली. ज्यांनी ती पैसे मोजून घेतली होती आणि त्यात आपल्या सेव्ह फाइल्स ठेवल्या होत्या, त्यांचा यात काही दोष नव्हता.

डेटेल कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात गेली. स्पर्धा दडपण्यासाठी अपडेटचा वापर झाला, असा तिचा आरोप होता. मायक्रोसॉफ्टने दावा फेटाळण्याची मागणी केली, पण २०१० मध्ये न्यायालयाने ती मान्य केली नाही आणि मुख्य आरोपांवर खटला पुढे चालू दिला. पुढे दोन्ही बाजूंत तडजोड झाली. पण त्याहून बोलकी गोष्ट २०१० च्या एप्रिलमध्ये घडली होती. मायक्रोसॉफ्टने स्वतःच दुसरं अपडेट देऊन साध्या यूएसबी ड्राइव्हवर १६ जीबीपर्यंत साठवणूक करू दिली. काही महिन्यांपूर्वी बाहेरच्या साठवणुकीत धोका होता, आणि आता कोणत्याही दुकानातला पेनड्राइव्ह चालला. यंत्र तेच होतं. बदलला तो धंद्याचा निर्णय.

हाच प्रकार अगदी अलीकडे पुन्हा घडला. तैवानची सायनॉलॉजी ही घरगुती आणि छोट्या कार्यालयांसाठी साठवणुकीची यंत्रं बनवणारी कंपनी आहे. आपल्याकडे फोटो स्टुडिओ, चार्टर्ड अकाउंटंटची कार्यालयं अशी यंत्रं वापरतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये कंपनीने जाहीर केलं की प्लस मालिकेतल्या नव्या यंत्रांत कंपनीच्या किंवा कंपनीने मान्य केलेल्या डिस्कच पूर्णपणे चालतील. कारण सांगितलं विश्वासार्हतेचं. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली, टीका झाली, आणि ऑक्टोबरमध्ये सॉफ्टवेअरची ७.३ आवृत्ती आली तेव्हा ती अट काढून टाकण्यात आली. एप्रिलमध्ये धोकादायक असलेल्या डिस्क ऑक्टोबरमध्ये सुरक्षित झाल्या, हे कसं घडलं ते विश्वासार्हतेचा युक्तिवाद करणाऱ्यांनी समजावून सांगावं.

सरळ मार्ग नाही, असंही कुणी म्हणू नये. प्लेस्टेशन ५ मध्ये नवी एसएसडी बसवायची जागा पहिल्या दिवसापासून होती, पण ती बंद ठेवलेली होती. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने ती उघडली. त्यासोबत सोनीने वेग किती हवा, लांबी-रुंदी किती, उष्णता बाहेर टाकणारी पट्टी केवढी, क्षमता किती ते किती, हे सगळं लिहून प्रसिद्ध केलं. त्या मापात बसणारी कुठल्याही कंपनीची एसएसडी चालते. पुढे २०२३ मध्ये क्षमतेची मर्यादा ८ टीबीपर्यंत वाढवली. मापं आधी सांगा, मापात बसेल ते चालू द्या, मर्यादा वाढवली तर तेही जाहीर करा. एवढंच मागणं आहे.

राहिला कराराचा मुद्दा. ‘मान्य आहे’ वर बोट तुम्हीच ठेवलं ना, असं विचारतात. कन्सोल घरी आणून पैसे दिल्यानंतर, खोका फोडल्यानंतर, टीव्हीच्या पडद्यावर इंग्रजीत पन्नास पानं दाखवायची आणि मान्य केल्याशिवाय मशीन पुढे जाऊ द्यायचं नाही, याला संमती म्हणता येत नाही. अपडेट ऐच्छिक असतं, हे म्हणणंही असंच पोकळ आहे. १ एप्रिल २०१० रोजी सोनीने ३.२१ हे अपडेट देऊन प्लेस्टेशन ३ वर लिनक्स चालवण्याची सोय काढून टाकली. यंत्र विकताना जी सोय जाहिरातीत होती तीच. ते अपडेट नको असेल तर घेऊ नका, असं सोनीने सांगितलं, पण मग ऑनलाइन खेळ नाही, नव्या आवृत्तीवर चालणारे खेळ आणि चित्रपट नाहीत. अशा वेळी मालकाने स्वतःच्या यंत्राची एक बाजू निवडून दुसरी सोडायची. त्याच लिनक्सच्या जोरावर गौरव खन्ना या भारतीय वंशाच्या भौतिकशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्समध्ये प्लेस्टेशन ३ जोडून कृष्णविवरांच्या गणनेसाठी स्वस्त महासंगणक उभा केला होता. एका अपडेटने तो रस्ता पुढच्यांसाठी बंद झाला. अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि सोनीला पुढे तडजोड करून ग्राहकांना पैसे द्यावे लागले. निदान ‘ऐच्छिक’ म्हटल्याने सगळं माफ होत नाही, एवढं त्यातून दिसलं.

आपल्या कायद्यात याला आधार नाही, असा समज करून घेऊ नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अन्यायकारक कराराची व्याख्या आहे, आणि अशा कराराच्या अटी रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला दिलेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकाचं नुकसान केलं, त्याचं काम अडवलं, तर भरपाई देणं बंधनकारक आहे. कन्सोल हा संगणकच आहे. अपडेट घ्यायला दिलेली परवानगी ही दुरुस्तीसाठी असते, नुकसानीसाठी नसते, असं माझं ठाम म्हणणं आहे आणि हे म्हणणं एखाद्या वकिलाने न्यायालयापुढे मांडून पाहावं. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं कलम ६५-अ कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं खरं, पण कायद्याने मना न केलेल्या हेतूसाठी केलेल्या कृतीला त्यात सूटही आहे. स्वतःच्या यंत्रात मोठी डिस्क बसवायला कोणत्या कायद्याने मनाई केली आहे?

सुरक्षेच्या नावाने सुटे भाग अडवणाऱ्यांना या देशात एकदा उत्तर मिळालेलं आहे. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. या कंपन्या सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना देत नव्हत्या. बाहेरचा मेकॅनिक चुकीचा भाग बसवेल, गाडी धोकादायक होईल, आमचे बौद्धिक हक्क आहेत, ही सगळी कारणं तेव्हाही सांगितली गेली. आयोगाने ती स्वीकारली नाहीत. पुढे अपिलं झाली, दंडाच्या रकमेवर वाद झाला. पण गाडीच्या मालकाने ती कुठे दुरुस्त करावी हे गाडी बनवणाऱ्याने ठरवू नये, हा विचार तिथे अधिकृतपणे मांडला गेला. धावत्या गाडीच्या ब्रेकबाबत जो युक्तिवाद टिकला नाही तो टीव्हीखाली ठेवलेल्या खेळाच्या डिस्कबाबत कसा टिकेल?

शेवटचा आक्षेप असा की हा पोरांच्या खेळण्याचा प्रश्न आहे, गावखेड्याला त्याचं काय. याच समजुतीमुळे जगभर हा प्रश्न मागे पडला आहे. कॅलिफोर्नियाचा दुरुस्तीहक्क कायदा जुलै २०२४ पासून लागू झाला, त्यातून गेम कन्सोल वगळले आहेत. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२१ मध्ये कन्सोलच्या दुरुस्तीसाठी कुलूप उघडायला सूट दिली, ती फक्त तबकडी वाचणारी ड्राइव्ह बदलण्यापुरती. पण सॉफ्टवेअरने सुटा भाग ओळखायचा आणि आपला नसेल तर नाकारायचा, ही रीत कन्सोलमध्ये रुळली ती कन्सोलपुरती राहिलेली नाही. ट्रॅक्टरच्या दुरुस्तीवरचं नियंत्रण हा अमेरिकेत इतका मोठा प्रश्न झाला की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये जॉन डिअरवर खटला भरला. त्याच कंपनीचा कारखाना आपल्या पुण्याजवळ सणसवाडीला आहे. ठिबकचे नियंत्रक, दुधाची तपासणी करणारी यंत्रं, सौर पंपांचे कंट्रोलर, सगळ्यांत आता फर्मवेअर आहे. पाण्याचा थेंब न्‌ थेंब मोजणाऱ्या गावांना या यंत्रांची गरज सगळ्यांत जास्त आहे, आणि भर हंगामात एखाद्या अपडेटने पंप थांबला तर त्याची किंमतही त्यांनाच सगळ्यांत जास्त मोजावी लागेल. शहरातल्या मुलाच्या कन्सोलवर आज जे चालवून घेतलं, ते उद्या शेतात चालवून घ्यावं लागेल.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि चार क्षेत्रं ठरवली: शेतीची अवजारं, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहनं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. पाऊल योग्य दिशेने आहे, पण पोर्टलवर माहिती देणं हे कंपन्यांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, आणि सुट्या भागांइतकाच अपडेटचाही विचार त्यात झाला पाहिजे. फर्मवेअरसह चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला, कन्सोल धरून, तीन गोष्टी कायद्याने लागू कराव्यात. विकताना जे भाग बदलता येतात असं सांगितलं, ते यंत्राच्या आयुष्यभर बदलता यावेत. अपडेट फसलं तर यंत्र आपोआप मागच्या स्थितीत यावं. आणि अपडेटमुळे यंत्र किंवा त्यातली माहिती गेली तर वॉरंटी संपली आहे की नाही हे न पाहता कंपनीने भरपाई द्यावी.

तोवर वाचकांनी एवढं करावं. डिस्क बदलली असेल तर मूळची डिस्क फेकू नका, तिचं आणि नव्या डिस्कचं बिल जपून ठेवा. अपडेट घेण्याआधी सेव्ह फाइल्सची प्रत बाहेर काढून ठेवा आणि अपडेटचा क्रमांक व तारीख लिहून ठेवा. मशीन बंद पडलं तर दुकानदाराशी तोंडी बोलून थांबू नका. कंपनीला लेखी तक्रार द्या, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदवा.